करंजाईचा दुसरा कौल

पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता, त्या वर्षातली ही गोष्ट. चाकणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी करंजवाडी म्हणून एक गाव होतं. गाव कसलं, मूठभर घरं, घराला दोन या हिशेबानं कुत्री, आणि एक ओढा. ओढाही मोठा लहरी. श्रावणात म्हशी वाहून न्यायचा अन् होळी आली की असा आटायचा, की पोरं त्याच्या मधोमध विटीदांडू मांडायची. मग बायकांनी घागरी घेऊन खाली झिऱ्यावर जायचं. झिरा म्हणजे खडकातली एक भेग. तिच्यातनं पाणी यायचं ते म्हातारं माणूस बोलतं तसं, मधेमधे थांबून. वाटीनं भरायचं, घागरीत ओतायचं, परत वाट बघत बसायचं. निम्मा दिवस तिथंच जायचा.

या गावचा गुरव सावळाराम. अंगानं काठी, मिशी मात्र अंगापेक्षा जड. देवी त्याच्याकडं. करंजाई म्हणजे ओढ्याच्या काठाला, करंजाच्या बुडाशी बसलेली एक शिळा. कमरेएवढी, शेंदूर थापून थापून लालभडक झालेली. देऊळ नाही, कळस नाही, झाडाची सावली हेच छप्पर. पण गाव तिला विचारल्याशिवाय शिंकत नव्हतं. पोरीला स्थळ आलं, विचारा करंजाईला. बैल विकायचाय, विचारा. विचारायचं म्हणजे कौल लावायचा. सावळाराम शिळा धुवायचा, कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून तिच्या छातीवर चिकटवायचा, एक उजवीकडं, एक डावीकडं. मग गाऱ्हाणं घालायचं अन् मागं सरायचं. उजवी कळी आधी पडली तर देवी हो म्हणली. डावी पडली तर नाही म्हणली. त्यापुढं कुणी बोलायचं नाही. पाटलानंसुद्धा नाही.

त्या हिवाळ्यात चाकणहून सायकल हाणत एक ग्रामसेवक यायला लागला. ज्योतीराम त्याचं नाव. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं वसुलीवाला आला, निम्मं गाव रानात पळालं. पण पोरगा चांगला होता. चावडीवर बसून म्हणला, "सरकार सिमेंट देईल. दगड, वाळू अन् हात तुमचे. काय बांधायचं ते तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

गावानं एकमुखानं सांगितलं, पाणी. आणि जागाही गावानंच दाखवली. देवीच्या जरा खाली ओढ्याला दोन्ही बाजूंनी काळा पाषाण होता, खांदे आवळून उभा असल्यासारखा. तिथं बांध घातला की थोड्या भिंतीत पुष्कळ पाणी. ज्योतीरामनं माप घेतलं, मान हलवली, म्हणला, "झकास. फक्त शिवरात्रीच्या आत काम सुरू झालेलं दिसलं पाहिजे. नाहीतर पोती पुढच्या गावाला जातात. तेही मागतायत."

सगळं जमलं. एकच अडचण. बांध झाला की पाणी चढणार, आणि पाणी चढलं की करंजाई बुडणार.

हिंदुराव पाटील म्हणला, "त्यात काय? देवीला वर टेकाडावर न्यायची. चुन्यात देऊळ बांधू. आजवर उन्हापावसात बसली, आता सावलीला बसंल." सगळ्यांना पटलं. पण देवीला उठवायची तर देवीला विचारायला पाहिजे. कौलाचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी दुपारचं सावळाराम ओट्यावर वाती वळत बसला होता. हिंदुराव आला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् शेजारी टेकला.

"सावळ्या, उद्या उजवाच पडला पायजे."

"ते तिच्या हातात, पाटील."

"तिच्या हातात कशाला? कळी कोण चिकटवतं? तूच न्हवं? उजव्या कळीला पाणी जरा कमी लाव. डावी अंगठ्यानं दाब. मी काय तुला डोंगर उचल म्हणतोय व्हय?"

सावळाराम वात वळत राहिला. आतनं त्याची बायको अंबुबाई बोलली, "पाटील, च्या घेता का? का तो बी दाबूनच द्यू?"

"वैनी, तुमच्यासाठीच चाललंय हे! तुमचं मनगट बघून जीव तुटतो."

आता मनगटाचं म्हणाल तर खरं होतं. गेल्या उन्हाळ्यात अंबुबाई झिऱ्याच्या शेवाळावरनं घसरली. हाडवैद्यानं मनगट बसवलं, पण वाकडं बसलं. तेव्हापासनं घागर उचलताना ती ओठ चावायची. आवाज करायची नाही, नुसती ओठ चावायची. सावळारामला ते बघवत नव्हतं. पुढचा उन्हाळा तोंडावर आला होता, आणि झिरा काय जवळ सरकणार नव्हता.

पाटील गेला. सावळाराम वाती वळायच्या सोडून स्वतःच्या अंगठ्याकडं बघत बसला. पाटील म्हणला ते त्याला येत नव्हतं असं नाही. चांगलं येत होतं. शिळेला डाव्या अंगाला एक बारीक खळगा होता, त्यात कळी टेकवली की संध्याकाळपर्यंत हलायची नाही. बापानं त्याला तो खळगा दाखवला होता, आणि दाखवून म्हणला होता, इथं कधी लावू नको.

"काय करणार?" अंबुबाईनं विचारलं.

"तूच सांग."

"मी कशाला सांगू? मी सांगितलं तर उद्या तुमी म्हणाल, बायकोच्या मनगटापायी देवीला खोटं पाडलं."

"अगं पण पाणी..."

"पाणी मला बी पायजे. झिऱ्यावर मी जाते, तुमी न्हाई जात." एवढं बोलून ती चुलीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव करंजाखाली, ज्योतीरामही आलेला. देहूरोडच्या डेपोत कामाला जाणारे गडीसुद्धा खाडा करून आलेले. सावळारामनं शिळा धुतली. कळ्या बुडवल्या. डावी कळी हातात धरली तेव्हा अंगठा आपोआप त्या खळग्याकडं चालला. खरंच, आपोआप. आणि तिथंच त्याच्या मनात आलं, आज मी ही दाबली, तर बापानं लावलेले सगळे कौल दाबलेलेच ठरतील. लोकांनी ज्या जोरावर पोरी दिल्या, बैल विकले, भाऊबंदांशी भांडण मिटवलं, ते सगळं एका अंगठ्यावर उभं राहील. आणि बांधाच्या कामावर पहिला दगड कुणाच्या पायावर पडला, तर तो मीच टाकला म्हणून मला उभ्या जन्मात झोप लागायची नाही.

त्यानं अंगठा मागं घेतला. दोन्ही कळ्या सारख्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं, "आई करंजाई, लेकरं पाण्याला महाग झाली. बांध घालायचा हाय. तू हितनं उठून वर टेकाडावर येशील का? येणार असशील तर उजवा दे."

आणि मागं सरला.

डावी कळी पडली. वाटसुद्धा बघायला लावली नाही. टपकन पडली, जशी देवीनं फुंकर मारून उडवली.

सगळे एकदम बोलायला लागले. कोण म्हणे देवी कोपली, कोण म्हणे सिमेंटच विटाळाचं. हिंदुराव सावळारामच्या जवळ आला अन् दात आवळून म्हणला, "खरा निघालास! लई खरा! आता तुझा खरेपणा घागरीत भर आन् पी." आणि तंगड्या टाकत निघून गेला. ज्योतीरामनं दुसरी जागा शोधायला दिवसभर ओढा पालथा घातला. वर गेलं की पात्र रुंद, सिमेंट पुरायचं नाही. खाली गेलं की पाषाण नाही. संध्याकाळी सायकलीवर बसताना तो सावळारामला म्हणला, "मला तुमच्या कळ्यांमधलं कळत नाही, गुरव. पण तुम्ही हात मागं घेतलेला मी बघितला." आणि गेला. त्यानं सावळारामला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच वाईट वाटलं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. पाटील रस्त्यात भेटला तर झाडाशी बोलायचा, सावळारामशी नाही. पोरं मागनं "डावा, डावा" ओरडायची. घरात अंबुबाईचं रोजचंच चाललं होतं. सकाळी उठायची, घागर घ्यायची, झिऱ्याची वाट धरायची. सावळाराम तिच्या पाठीकडं बघत राहायचा. एक दिवस म्हणला, "आण इकडं, मी जातो." ती म्हणली, "गुरव झिऱ्यावर बायकांत बसणार? अजून हसं करून घ्या." शिवरात्र जवळ येत चालली होती.

आणि मग एका सकाळी कुशाबाई आली. कुशाबाई म्हणजे गावातली विधवा बाई, दोन एकराची शेती एकटी करणारी. जिभेला हाड नाही, पण पोटात माया. तिच्यामागं झिऱ्यावरच्या झाडून सगळ्या बाया, रिकाम्या घागरी काखेला मारून. अंबुबाईसुद्धा त्यांच्यात. सावळारामला वाटलं, आता या मला मारतायत.

"भाऊ," कुशाबाई म्हणली, "आमाला एक सांगा. देवीला तुमी इचारलं काय?"

"सगळ्या गावानं ऐकलं की. उठून वर येशील का म्हणून इचारलं."

"आन् ती काय म्हणली?"

"न्हाई म्हणली. आता काय पुन्यांदा वाजवून घेता?"

"थांबा वो. न्हाई म्हणली ती कशाला? उठायला न्हाई म्हणली. पाण्याला न्हाई कुटं म्हणली?" तिनं मागं वळून बायांकडं बघितलं. "आमी झिऱ्यावर बसून लई बोललो ह्याच्यावर. एखाद्या बाईला तुमी म्हणला, बये, तुझं बसतं घर सोड आन् तिकडं नव्या घरात जा, तर ती काय म्हणंल? न्हाईच म्हणणार. तुमा बाप्यांना नुसतं हिला उचल, तिकडं ठेव, एवढंच सुचतं. तिला असं कुणी इचारलं का, की बाई, तू हितंच बस, पण पाण्यात बसशील का?"

वळायला घेतलेली वात सावळारामच्या हातातनं खाली पडली.

"अगं, पाण्यात? देवी बुडवायची?"

"बुडवायची कशाला? बसवायची. उन्हाळ्यात पाणी उतरंल तवा दिसंल की. तवा जत्रा करू. लेकरांसाठी आई पाण्यात उभी ऱ्हात न्हाई व्हय?"

आता बघा माणसाचं मन. चार दिवसांपूर्वी सावळाराम देवीचं हो ऐकायला तडफडत होता. आणि आता कुशाबाईचं बोलणं ऐकून त्याला देवीचं नाहीच बरं वाटायला लागलं. देवी टेकाडावर गेली असती तर त्याला देऊळ मिळालं असतं. देवी पाण्यात बसली तर? पूजा कुणाची करायची, माशांची? दिवा कुठं लावायचा? नारळ कुठं फुटणार? बापजाद्यांपासनं एक दिवस त्या शिळेला पाणी-फूल चुकलं नव्हतं, आणि आता पावसाळा धरून दिवाळी, संक्रांत, सगळं पाण्याखाली. गुरवाला गुरवपणच उरणार नव्हतं.

पण प्रश्न खरा होता. विचारायलाच पाहिजे होतं.

तो पाटलाकडं गेला. पाटील झाडाशी बोलायचं विसरला. "पाण्यात? देवी पाण्यात?" दोन वेळा म्हणला. मग डोकं खाजवलं. "सावळ्या, ह्या बायकांनी आपल्याला उभं कापलं की रं!" आणि लगेच गावाला सांगावा धाडला. सावळाराम निघताना मात्र बोट नाचवून म्हणला, "ह्या खेपेला दाबू नको बरं का बाबा! तुझा चेहरा कसा झालाय तो दिसतोय मला."

म्हणजे पाटलालाही कळलं होतं. त्या रात्री सावळारामला झोप लागली नाही ती त्याच्यामुळंच. मागच्या वेळेला डावी कळी दाबायचा मोह होता, आता उजवी.

सकाळी परत गाव करंजाखाली जमलं. ज्योतीराम सायकल झाडाला टेकवून उभा. सावळारामनं शिळा धुतली, कळ्या बुडवल्या, आणि उभाच राहिला. मग तो गावाकडं तोंड करून वळला.

"मंडळी, खरं सांगतो. आज देवीनं न्हाई म्हणावं असं मला वाटतंय. माझं पोट हाय तिच्यावर. तवा आज ह्या हाताचा मला भरवसा न्हाई. मी कळ्या लावणार न्हाई."

"मग कोण? मी लावू का?" हिंदुराव पुढं सरला.

"तुमी तर मुळीच न्हाई, पाटील. तुमाला हो पायजे. कुशाबाईला बी हो पायजे. हितं ज्याला त्याला कायतरी एक पायजेच हाय." त्यानं बायांच्या घोळक्यात बघितलं. "एकच माणूस हाय, जिला दोन्ही बाजूंनी सारखं दुखतंय. झिऱ्याला तीच जाती, आन् माझ्या चुलीवर भाकरी बी तीच करती. अंबू, हिकडं ये."

गावात कुजबुज उठली. बाईमाणसानं कौल लावायचा? कधी कुणी ऐकलं नव्हतं. एक म्हातारा काठी आपटून म्हणला, "हे रीतीत बसत न्हाई!"

कुशाबाई तडक बोलली, "आबा, करंजाई कोण हाय? बाप्या हाय का?"

लोक फसकन हसले. म्हाताराही हसला, पण काठी धरूनच. तेवढ्यात अंबुबाई पुढं आली होती. पदर डोक्यावरनं खाली ओढला. सावळारामनं कळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या अन् हळूच म्हणला, "डाव्या अंगाला खळगा हाय. त्याच्यात लावू नको."

"कळलं," ती म्हणली.

तिनं एक लावली, दुसरी लावली. वाकड्या मनगटानं लावली, पण सारखी लावली. गाऱ्हाणं सावळारामनं घातलं, "आई, तू उठू नको. तू हितंच बस. पण लेकरांसाठी पाण्यात बसशील का?"

आणि सगळे थांबले.

कळ्या काही पडेनात. ऊन वर चढलं. संबळवाल्यानं संबळ वाजवला, थकला, थांबला. पोरं कंटाळून चिंचा पाडायला गेली. उजवी कळी जरा सरकली, लोकांनी श्वास धरला, ती परत थांबली. डावी तर खिळ्यानं ठोकल्यागत. हिंदुरावाच्या कपाळावरनं घाम गळत होता. सावळाराम डोळे मिटून उभा होता. त्याला वाटत होतं, पड बाई, कुठलीही पड, पण मला सोडव.

मग कुणीतरी ओरडलं. त्यानं डोळे उघडले. उजवी कळी खाली पडली होती, शिळेच्या पायाशी ओल्या मातीत.

"करंजाईच्या नावानं चांगभलं!" असं गाव ओरडलं, की डोंगरावरची गुरं उधळली. हिंदुरावानं सावळारामला उचलूनच घेतला. काठीएवढं अंग, त्याला काय लागतं उचलायला. सावळारामच्या डोळ्यातनं पाणी येत होतं, आणि ते आनंदाचं की दुःखाचं, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी जाताना त्यानं बायकोला विचारलं, "कळ्या लावताना तुझ्या मनात काय हुतं गं?"

"मनात काय असणार? मनगट दुखत हुतं."

दुसऱ्या दिवसापासनं काम सुरू झालं. शिवरात्रीला ज्योतीराम आला तेव्हा पाया खणून तयार. पाटलानं जाहीर केलं, "यंदा नवस फेडायला कोंबडं न्हाई, पातळ न्हाई. ज्याचा नवस त्यानं बांधाला दगड आणायचा. आन् गुरवाचं बलुतं चालू ऱ्हाणार. देवी वर असो का पाण्यात." मग काय, लोकांना जुने जुने नवस आठवायला लागले. पोरगा झाला म्हणून दगड, म्हैस सापडली म्हणून दगड. एकानं बायको माहेरी गेली म्हणून दगड आणला, तर बायकोनं परत येऊन दोन आणले. डेपोतले गडी रविवारी यायचे. पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर गेलेली दोन पोरं सिमेंट कसं कालवायचं ते शिकून आली होती, ती आता मोठ्या मोठ्या माणसांवर ओरडायची अन् माणसं ऐकून घ्यायची. रोज सकाळी सावळाराम देवीपुढं नारळ फोडायचा, मग पहिलं घमेलं उचललं जायचं. तो स्वतः पण उचलायचा. पहिल्या दिवशी चार घमेली टाकली अन् आडवा झाला. पुढं पुढं सवय झाली.

पाषाण फोडायला महारवाड्यातला गेनू अन् त्याचे भाऊ. त्यांच्यासारखा सुतकीचा, म्हणजे दगडफोड्या घणाचा, घाव कुणाचा बसत नव्हता. दगड त्यांना जणू वाट करून द्यायचा. बांधाच्या शेजारी काठावर एक आड खणायचा ठरला, म्हणजे झिरपून आलेलं स्वच्छ पाणी भरता येईल. त्याचाही खडक गेनूनंच फोडला. आड बांधून होत आला तेव्हा गेनू घाम पुसत वर आला आणि सगळ्यांसमोर सरळ विचारलं, "फोडायला आमी चाललो. भरायला चालू का?"

मग कुणीतरी तोंड चुकवत म्हणलं, "गुरव, ह्याला बी कौल लावा."

सावळाराम घमेलं खाली ठेवून म्हणला, "न्हाई लावणार. तिला काय इचारायचं आन् काय न्हाई, एवढं मला कळतं. आपल्या मनाला जे इचारायचं ते तिच्या गळ्यात मारायचं न्हाई. गेनू, तुझ्या घरची घागर उद्या ह्याच आडावर आली पायजे."

दोन-चार घरं रुसली. आडावर यायचं नाही म्हणून बसली, झिऱ्यावरच जात राहिली. जाऊ द्यात म्हणली कुशाबाई, पाय दुखले की येतील. त्यातली एक सोडून सगळी आली. ती एक आलीच नाही, तेही सांगायला पाहिजे.

मृगाच्या आधी बांध पुरा झाला. आषाढात ओढा फुगून आला आणि आयुष्यात पहिल्यांदा अडला. पाणी मागं सरायला लागलं, फुगायला लागलं. गाव काठावर उभं. सावळाराम गुडघाभर पाण्यात उभा राहून पूजा करत होता. दुसऱ्या दिवशी मांड्यांपर्यंत. शेंदूर विरघळून पाण्यात लाल रेघा ओढत चालला. करंजाई खांद्यापर्यंत बुडाली, गळ्यापर्यंत बुडाली, आणि एक दिवस संध्याकाळी माथ्यावरनं पाणी एक झालं. बायांनी ओट्या पाण्यात सोडल्या. तांदूळ, खण, हळकुंडं. सावळाराम काठावर बसला तो उठेना.

अंबुबाई जवळ येऊन बसली. "गेली न्हाई ती. बसली हाय तिथंच."

"पण मी उद्या काय करू?"

"पवायला शिका."

तो तिच्याकडं बघतच राहिला. पन्नाशीचा माणूस, नदीत कधी कमरेच्या वर गेला नाही. पण अंबुबाई थट्टा करत नव्हती. पाऊस उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी हिंदुरावानं घरातला मोठा वाळलेला भोपळा आणला आणि सावळारामच्या पाठीला करकचून बांधला.

"पाटील, दम कोंडतोय."

"पाण्यात गेल्यावर कोंडंल. आत्ता नुसतं बोलून घे."

काठावर ही गर्दी. आडावरच्या बाया, गेनू, पोरंटोरं, सायकल धरून ज्योतीराम. सावळाराम धोतर खोचून, ओंजळभर कण्हेर डोक्याच्या मुंडाशात खोचून पाण्यात उतरला. पहिल्यांदा गटांगळी खाल्ली. मिशी गालाला चिकटली. कुशाबाई हसता हसता खालीच बसली. "भाऊ, हात मारा, हात! पाण्याची आरती नका करू!"

त्यानं हात मारले, पाय मारले, पाण्याला शिव्या दिल्या, देवीची माफी मागितली, परत शिव्या दिल्या. रोज सकाळी हाच खेळ. बाया लवकर लवकर घागरी घेऊन यायच्या, तमाशा चुकायला नको म्हणून. आणि एक दिवस, श्रावणातल्या सोमवारी, भोपळ्यासकट तो बरोबर त्या जागी पोचला. पावसानं दोन दिवस दडी मारली होती, त्यामुळं पाणी थोडं उतरलं होतं. एका हातानं करंजाची बुडालेली फांदी धरली, दुसरा हात खाली सोडला. बोटाला गार, गुळगुळीत माथा लागला. त्यानं हात तिथंच ठेवला. किती वेळ ठेवला ते त्याला कळलं नाही. मग मुंडाशातली कण्हेर काढली आणि सोडली. फुलं तिच्या माथ्यावर गोल फिरत राहिली.

काठावरनं हिंदुराव ओरडला, "हाय का रं?"

"हाय!" सावळाराम ओरडला, आणि तोंडात पाणी जाऊन खोकत बसला. "हाय, हाय, बसली हाय!"

काठावर अंबुबाई उभी होती. तिनं हाक मारली, "अवो, निघा आता. भाकरी टाकायची हाय."

"थांब की. तुझं पाणी भरून हू दे आधी!"

"ते कवाच झालं," अंबुबाई म्हणली. "हा काय झिरा हाय व्हय?"

तो पाण्यात तरंगत तिच्याकडं बघत राहिला. "कवाच? एवढ्यात?"